हॉक्सनची ठेव

बँकेत काम करणाऱ्यास ‘ठेव’ हा शब्द नित्याचाच. परंतु ठेवणारा परतलाच नाही आणि ठेव मात्र सोळाशे वर्षे सुरक्षित राहिली, असे उदाहरण विरळाच. इंग्लंडमधील सफोक काउंटीतल्या हॉक्सन या खेडेगावी ते पाहावयास मिळते.

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी एक निवृत्त गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शेतात शोधत होते. हातोड्याऐवजी हाती आली ती सोन्याचांदीची नाणी! मोह कोणालाही झाला असता; या गृहस्थांनी मात्र खोदणे थांबवून अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ तेथे पोहोचले. लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी आतील वस्तू प्रकारवार कशा रचल्या होत्या, हे त्यांना जागेवरच नोंदविता आले. आतल्या छोट्या पेट्यांची चांदीची इवलीशी कुलुपेदेखील मिळाली. फावड्याने सारे उपसले असते तर सोने उरले असते, पण ही रचना कायमची पुसली गेली असती.

एकूण नाणी १४,८६५. त्यांतील शेवटची इ. स. ४०७-४०८ची, म्हणजे ब्रिटनवरील रोमन सत्ता मावळण्याच्या बेतात असतानाची. चांदीच्या बहुसंख्य नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत; सम्राटाचा मुखवटा मात्र जपलेला. नव्या नाण्यांचा पुरवठा आटला की चलनाचे काय होते, हे रोखपालांना निराळे सांगावयास नको. मिरपूड ठेवण्याची चार चांदीची पात्रेही निघाली. त्या काळी मिरी जाई ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून! ठेव्याचे मूल्य १७.५ लाख पौंड ठरले, ते शोधकाने शेतकऱ्यासोबत वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच गावची दुसरी ठेव याहून कितीतरी जुनी. १७९७ साली जॉन फ्रेअर या जमीनदाराने तेथील विटांच्या मातीच्या खाणीत, सुमारे बारा फूट खोलीवर, चकमकीच्या दगडाच्या घडीव हातकुऱ्हाडी पाहिल्या. वरच्या प्रत्येक थराची जाडी मोजून त्यांनी लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेस पत्र धाडले आणि ही हत्यारे आजच्या जगाच्याही पलीकडील काळातील असावीत, असे सुचविले. सृष्टीचे वय सहा हजार वर्षे मानण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. (याच फ्रेअर यांचे नातू सर बार्टल फ्रेअर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. फोर्टातील फ्लोरा फाउंटनला प्रथम त्यांचेच नाव द्यावयाचे होते.)

पत्र साठ वर्षे दुर्लक्षित राहिले. १८५९ साली प्रेस्टविच व इव्हान्स हे अभ्यासक हॉक्सनला गेले तेव्हा फ्रेअर यांची नोंदच त्यांच्या उपयोगी पडली. तेथे एके काळी तळे होते आणि सुमारे चार लाख वर्षांपूर्वी त्याच्या काठी माणसांचा वावर होता, हे आज सर्वमान्य आहे.

फ्रेअर येण्यापूर्वी मात्र खाणीतल्या मजुरांनी अशा दगडांच्या टोपल्याच्या टोपल्या शेजारच्या रस्त्यावरील गाडीच्या चाकोऱ्या बुजविण्यासाठी ओतल्या होत्या.