लेपीच्या टाकीत माद्याच हव्यात! पाणी तापलं की मादीचा होतो नर. चीनच्या मत्स्यशेतीतली जनुकांची गोष्ट

कोकणच्या बाजारात लेप मिळते, गोव्यात तिलाच लेपो म्हणतात. चपलेच्या तळासारखी चपटी अन् दोन्ही डोळे एकाच बाजूला. हिच्याच कुळातली एक मोठी जात चीनच्या उत्तर किनाऱ्यावर टाक्यांत पाळतात. तिथल्या मत्स्यपालकांची अडचण अशी की टाकी एक, खाद्य एक, तरी काही मासे भरभर वाढतात आणि काही खुरटेच राहतात. वाढतात त्या माद्या, खुरटतात ते नर. मादी नराच्या दोन ते चार पट भरते. बीजात नर जास्त निघाले तर खाद्याचा पैसा पाण्यात गेलाच म्हणून समजा.

मग सरळ माद्याच का सोडत नाहीत? गोम इथंच आहे.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं. लेपीत उलटं, अगदी कोंबडीसारखं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. चिनी शास्त्रज्ञांनी या माशाचा अख्खा जीनोम वाचला आणि २०१४ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात तो छापून आला. जीनोम म्हणजे शरीर घडवण्याची पेशीतली पोथी. माणसाची सुमारे ३०० कोटी अक्षरांची, या लेपीची जेमतेम ४८ कोटींची. तिच्या झेड गुणसूत्रावर डीएमआरटी-१ नावाचं जनुक आहे, ते पिल्लाला नर बनवतं. कोंबडीतही हेच जनुक, तेही झेडवरच! दोघींची झेड गुणसूत्रं एकाच पुरातन गुणसूत्रातून आली, पण लिंग ठरवण्याचं काम त्यांनी वेगवेगळ्या काळात, आपापलं उचललं. लेपीत हे घडून साधारण ३ कोटी वर्षं झाली. उत्क्रांतीच्या हिशोबात हे काल-परवाचंच.

आता पाण्याचं बघा. पिल्लं लहान असताना पाणी २८ अंशांपर्यंत तापलं, तर मादीची गुणसूत्रं असलेली बरीच पिल्लं नर होतात. मादीत डीएमआरटी-१ वर रासायनिक कुलूप असतं. उष्णतेत ते कुलूप सुटतं आणि जनुक चालू होतं. पोथीतलं अक्षर एकही बदलत नाही. असे 'खोटे नर' पुढं बापही होतात. त्यांच्या पोटी मादीची गुणसूत्रं घेऊन आलेली बहुतेक पिल्लं साध्या पाण्यातही नरच निघतात, कारण उघडं कुलूप वारशानं येतं. एका हंगामातलं गरम पाणी पुढच्या पिढीच्या वजनाला असं नडतं. यावर उपाय म्हणजे बीजासाठी नर निवडताना पराचा बारीक तुकडा घेऊन डीएनए तपासायचा आणि खोटे नर बाजूला काढायचे. दिसायला दोन्ही सारखेच, नुसत्या नजरेनं ओळखू येत नाहीत.

राहिला डोळ्यांचा प्रश्न. अंड्यातून निघालेलं पिल्लू साध्या माशासारखंच असतं, एक डोळा इकडं, एक तिकडं. पुढं अंगात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं, एक डोळा डोक्यावरून पलीकडं सरकतो, कवटीही वाकते आणि मासा तळाला आडवा होतो. बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते तीही याच संप्रेरकानं. जपानमध्ये हिरामे नावाचा चपटा मासा पाळतात. त्याच्या पिल्लांना हे संप्रेरक रोखणारं औषध दिलं, तर ती चपटी होतच नाहीत. या बदलाच्या काळात खाद्यात जीवनसत्त्व 'अ' चं प्रमाण चुकलं, तर अंगावर पांढरे डाग राहतात. असा मासा चवीला काही वाईट नसतो, पण गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

आपल्याकडचा भाकस पाहिला असेल, तर हा प्रवास अर्ध्यात थांबलेला दिसतो. त्याचा वरचा डोळा डोक्याच्या कडेपर्यंतच पोचतो. शिवाय काही भाकस डावे, काही उजवे. बाजारात दोन-चार शेजारी ठेवून बघितले तर फरक कळेल.