मेव्हण्याचा फोन नंबर

४९३७७७५. हा कुणा मेव्हण्याचा फोन नंबर होता. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातील गणिती आल्बर्ट विलान्स्की यांना त्यात एक गंमत दिसली. त्याचे मूळ अवयव ३, ५, ५ आणि ६५८३७. नंबरातल्या अंकांची बेरीज करा, ४२. अवयवांतल्या अंकांची करा, तीही ४२! मेव्हण्याचे आडनाव स्मिथ. म्हणून १९८२ साली विलान्स्कींनी अशा संख्यांचे नाव ठेवले स्मिथ संख्या. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनीही ‘डेम्लो’ संख्यांना एका रेल्वे स्टेशनाचे नाव दिले होते. बारसे करायला गणितात मुहूर्त लागत नाही.

मूळ संख्या यातून वगळल्या आहेत, कारण त्यांचा अवयव त्या स्वतःच. तिथे बेरीज जुळण्यात कसले कौतुक? बाकी यादी अशी सुरू होते: ४, २२, २७, ५८, ८५, ९४, १२१... ५८ घ्या. २ गुणिले २९. पाच आणि आठ तेरा. दोन, दोन आणि नऊ तेराच. मी १९४७ करून पाहिले. ३ × ११ × ५९. इकडे २१, तिकडे १९. थोडक्यात हुकले! ७२८ आणि ७२९ मात्र शेजारीशेजारी, आणि दोघेही स्मिथ.

असल्या अंकांच्या गमती वृत्तपत्रांतल्या कोड्यांच्या सदरांना शोभतात, गणितज्ञाला त्यांत रस वाटावा असे काही नसते, असा शेरा हार्डी यांनी १९४० साली मारला होता. (म्हणजे आमच्या पुरवणीची सोय त्यांनी तेव्हाच करून ठेवली!) त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ५८ या यादीत आहे. बाराच्या पटीत मोजत असतो तर यादीच वेगळी झाली असती.

पण मला हार्डींचे पुरते पटत नाही. ही यादी कुठे संपते का, हा प्रश्न कोड्याच्या सदरातला नव्हे. संगणकाने कोट्यवधी संख्या तपासल्या तरी ‘पुढे एकही नाही’ किंवा ‘पुढे अनंत आहेत’ हे त्याला सांगता येत नाही; त्याला सिद्धताच लागते. ती १९८७ साली वेन मॅकडॅनियल यांनी दिली. स्मिथ संख्या अनंत आहेत.