खाणीच्या उशाशी फुललेली बाग
खापरखेडा हे सावनेर तालुक्यातील गाव औष्णिक वीजकेंद्र आणि कोळसा खाणी यांमुळे परिचित असले, तरी याच तालुक्यात वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपूरस्थित सार्वजनिक कंपनीने आपल्या सावनेर खाणीलगत उद्यान उभारले आहे. ही खाण भूमिगत आहे; अशा खाणीत कोळसा जमिनीखालील बोगद्यांतून काढला जात असल्याने ते कष्टाचे जग बाहेरच्यांना दिसत नाही. म्हणून येथे खाणीची प्रतिकृती रचण्यात आली, आणि हीच या उद्यानामागील सर्वांत मोलाची कल्पना होय. 2016 मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाशी कंपनीचा करार होऊन खाण-पर्यटनाला वाट मिळाली. याच कंपनीची गोंडेगावची खाण मात्र खुली, म्हणजे कोळशावरील माती व खडक उपसून खोदलेली असून तिच्या परिसरातही असेच उद्यान आहे.