बर्फावरचा ड्रायव्हर आणि फडातला ऑपरेटर



ऊसविकास खात्याच्या माणसाने बर्फाविषयी लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण त्याचे असे झाले. गेल्या हंगामात आम्ही एका फडावर रात्री यंत्राची तोडणी बघत उभे होतो. शेजारी एका सभासदाचा मुलगा होता. त्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. काळोखी रात्र, उभा डोंगर, सगळीकडे बर्फ आणि त्यावर दिवे लावून संथपणे चढणारे एक रणगाड्यासारखे यंत्र. आत एकटा माणूस. मुलगा म्हणाला, "साहेब, ह्यो गडी बी आपल्या ऑपरेटरगतच रात्री राबतोय बघा." त्याचे बोलणे डोक्यात राहिले. आम्ही त्या कामाची माहिती मिळविली आणि ती आपल्या ऊसतोडणी यंत्राच्या प्रश्नाशी चांगलीच जुळली, म्हणून हा लेखनप्रपंच.

युरोपातील आल्प्स पर्वतात लोक पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ खेळतात. त्याला स्कीइंग म्हणतात. आपल्याकडे काश्मीरात गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला हा खेळ चालतो. औलीला २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या. दिवसभर हजारो लोक घसरले की उतारावर खड्डे पडतात, ढीग साठतात, बर्फ खरवडला जातो. तो उतार रात्रीत पुन्हा सपाट करावा लागतो. त्यासाठी हे यंत्र. पुढे डोझरसारखे पाते, मागे बर्फ भुसभुशीत करणारा फिरता रूळ आणि त्याच्यामागे दाबून रेघा पाडणारी पट्टी. म्हणजे नांगरट, रोटर आणि फळी एकाच फेरीत! जर्मनीतील एका कंपनीने १९६९ साली 'पिस्टेनबुली' नावाचे असे यंत्र काढले, ते आज जगभर चालते.

या यंत्राचे वजन आठ-दहा टनांच्या घरात असते. तरी ते भुसभुशीत बर्फात रुतत नाही, कारण त्याचे पट्टे फार रुंद असतात. वजन एवढे पसरते की यंत्राखालचा दाब माणसाच्या पावलाखालच्या दाबापेक्षाही कमी भरतो. ही गोष्ट सभासदांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे. फार उभ्या चढावर ड्रायव्हर वर खांबाला पोलादी दोर अडकवून यंत्राला आधार देतो. हा ताणलेला दोर अंधारात दिसत नाही. बंदी मोडून रात्री घसरायला आलेली माणसे त्यावर आपटून दगावलेली आहेत. दाबलेला बर्फ घट्ट बसायला काही तास लागतात, म्हणून काम पहाटेपूर्वी उरकावे लागते. हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. तो संपला की यातले पुष्कळ ड्रायव्हर आपापल्या गावी ट्रॅक्टर, पोकलेन नाही तर शेतीच्या कामावर जातात.

आता आपल्या फडात येऊ. आपला गळीत हंगामही चार-पाच महिन्यांचा. आपला ऑपरेटरही रात्रीचा राबणारा आणि हंगाम संपल्यावर दुसरे काम बघणारा. फरक एवढाच, की त्या गड्याचे काम बर्फ दाबण्याचे आहे आणि आपल्या गड्याचे कौशल्य रान न दाबण्यात आहे.

यंत्र का हवे, हे आम्ही सांगायला नको. टोळ्या दरवर्षी कमी येत आहेत. मुकादमाने उचल घेतली आणि टोळी आलीच नाही, हा अनुभव वाहनमालकांना नवा नाही. शासनाने २०२३ मध्ये यंत्रखरेदीसाठी किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. ऑस्ट्रेलियात तर १९७० च्या दशकातच हाताची तोडणी जवळजवळ संपली. यंत्रे वाढणार, यात शंका नाही. परंतु यंत्र विकत मिळते, ऑपरेटर विकत मिळत नाही, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

या माणसाच्या हातात काय काय असते ते पाहा. यंत्र पुढे सरकताना वरचे चक्र वाढे छाटते. दोन्ही बाजूंचे फिरते शंकू आडवा पडलेला ऊस उचलून आत ओढतात. खाली जमिनीलगत दोन तबकड्या असतात, त्यांच्या पात्यांनी ऊस बुडख्याला कापला जातो. मग रुळांवरून तो आत जातो, त्याचे वीतभर तुकडे होतात, पंखा पाचट बाहेर फेकतो आणि तुकडे पट्ट्यावरून शेजारच्या ट्रॉलीत पडतात. हे सारे एकाच वेळी चालू असते आणि ऑपरेटरला सगळीकडे लक्ष ठेवावे लागते.

यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खालच्या तबकड्यांची उंची. एक साधा हिशेब मांडू. एकरी ५० टनांचा ऊस, उंची ८ फूट म्हणजे ९६ इंच. ऑपरेटरने तबकडी दोन इंच वर धरली, तर ऊसाचा अठ्ठेचाळिसावा भाग रानात राहिला. म्हणजे एकरी एक टन गेला. बुडखा जाड असतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्तच. टनाला तीन हजार धरले तरी हिशेब सभासदांनीच करावा. शिवाय साखर बुडख्यातच अधिक असते. एवढ्यावर भागत नाही. उंच राहिलेल्या खोडाचे वरचे डोळे फुटतात, फुटवे अशक्त येतात आणि खोडवा बसतो. उलट तबकडी फार खाली घातली, तर ती मातीत शिरते, पाती झिजतात, ठोंब मुळासकट हलतात आणि ऊसाबरोबर माती कारखान्यात येते. हंगामात आम्ही एक फड पाहिला. अर्धा फड सफाईने तुटला होता, उरलेल्या अर्ध्यात चार-चार बोटे बुडखे उभे. चौकशी केली तेव्हा कळले, मध्यरात्रीनंतर ऑपरेटर झोपायला गेला आणि हेल्परने यंत्र चालविले. मालक आप्पा आम्हालाच म्हणाले, "सायेब, माझा खोडवा आता कोण देनार?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पंख्याचेही तसेच. तो मंद ठेवला तर पाचट ट्रॉलीत येते आणि वजावटीवरून वाद होतात. जोरात ठेवला तर पाचटाबरोबर ऊसाचे तुकडेही उडून जातात आणि ते कुणाच्या हिशेबात येत नाहीत. पडका ऊस, ओला ऊस, सकाळचे दव, प्रत्येक वेळी वेग बदलावा लागतो. को ८६०३२ आणि फुले २६५ एकसारखे पडत नाहीत. हे पुस्तकात वाचून येत नाही, कान यंत्राकडे लावून येते.

रान दाबले जाण्याची तक्रार मात्र खरी आहे. मोठे यंत्र पंधरा टनांच्या पुढे भरते आणि भरलेली ट्रॉली तर निमुळत्या चाकांवर चालते. बर्फावरच्या यंत्राचे रुंद पट्टे आठवा. नुकसान वजनापेक्षा ते किती जागेवर पडते यावर ठरते. आपल्या पंचगंगाकाठच्या काळ्या भारी रानात वापसा नसताना यंत्र घातले, तर सरी दबून जमीन विटेसारखी होते. म्हणून तोडणीच्या किमान तीन आठवडे आधी पाणी बंद करावे. चाक सरीतूनच गेले पाहिजे, ठोंबावरून नव्हे. पण सरी तीन-साडेतीन फुटांची असेल, तर बिचारा ऑपरेटर करणार काय? त्याला साडेचार-पाच फुटांची सरी आणि लांब ओळ लागते. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात वळण्यातच त्याचा वेळ जातो. शेजारच्या दोघा-तिघांनी एकाच जातीची, एकाच वेळी, एकाच दिशेने सरी सोडून लागण केली, तर बांध न मोडताही यंत्र चालते. (भावकीत हे जमविणे यंत्र चालविण्यापेक्षा अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.)

धोकेही सांगितले पाहिजेत. ट्रॉलीत ऊस टाकणारा उंच पट्टा विजेच्या तारांना लागू शकतो. तापलेल्या इंजिनाजवळ वाळके पाचट साठून यंत्र पेट घेऊ शकते, म्हणून ते वरचेवर झाडावे लागते. ऊस अडकला की इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच हात घालावा. फडात पोरेबाळे, वैरणीला आलेल्या बायका फिरकू देऊ नयेत. यंत्र येण्यापूर्वी सभासदाने पाइपलाइन, चेंबर, दगड, विहिरीचा काठ येथे काठीला फडके बांधून खुणा कराव्यात, कारण रात्री ऑपरेटरला ऊसापलीकडचे काही दिसत नाही. तुकड्यांचा ऊस लवकर आंबतो, तेव्हा ट्रॉली भरली की ती अड्ड्यावर थांबू नये.

कार्यक्षेत्रात आज आयटीआय झालेली, ट्रॅक्टर उत्तम चालविणारी आणि घरी बसलेली मुले पुष्कळ आहेत. यंत्रावर मात्र बाहेरचे ऑपरेटर आणावे लागतात आणि एक आजारी पडला की यंत्र बांधावर उभे राहते. या मुलांना एक हंगाम जाणत्या ऑपरेटरच्या शेजारी बसू द्यावे, असे आमचे मत आहे. पहिले दोन महिने त्यांनी पाती बदलणे, ग्रीस देणे, फिल्टर झाडणे हेच करावे. मग दिवसाची तोडणी आणि रात्रीची सर्वांत शेवटी.

ज्या सभासदांची मुले तयार असतील, त्यांनी नावे आपल्या गट ऑफिसात द्यावीत. तसेच आडसाली लागणीची नोंद देतानाच सरीचे अंतर आणि ओळीची लांबी चीटबॉयला सांगावी, म्हणजे यंत्राचे फड आधीच वेगळे काढता येतील.