यकृतापाशी पोचलेलं मनगट

‘ऑपरेशन रोबोटने करू,’ असं सांगितलं की पेशंटच्या घरचं कुणीतरी विचारतंच, ‘मग डॉक्टर काय करणार?’ डॉक्टर असतात त्याच थिएटरमध्ये, टेबलापासून काही फुटांवर, कन्सोलपुढे बसलेले. कित्येक सर्जन पायातलं काढूनच बसतात, कुठलं पेडल दाबलं जातंय ते तळव्याला कळावं म्हणून. डोळे भिंगांना लावलेले, अंगठा आणि बोट पट्ट्यांत अडकवलेलं. बोटं हलली तरच पोटातली अवजारं हलतात. टेबलाशी उभा असलेला सहायक अवजारं बदलतो, साचलेलं रक्त ओढून घेतो. यंत्र स्वतःहून काहीही कापत नाही.

  मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या डॉ. महेश गोयल आणि सहकाऱ्यांनी पित्ताशयाच्या कॅन्सरवरच्या रोबोटिक शस्त्रक्रियांचा अनुभव २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. पित्ताशय यकृताला खालून चिकटलेलं असतं. त्यामुळे या कॅन्सरमध्ये त्याच्याबरोबर यकृताचा तुकडा आणि आसपासच्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत रोबोटला वेळ जास्त लागला, रक्त मात्र कमी गेलं.

यकृताच्या बाबतीत रक्ताचा मुद्दा सगळ्यात मोठा. जेमतेम दीड किलोच्या या अवयवातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातलं तीनचतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेने येतं, उरलेलं धमनीतून. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स प्रिंगल यांनी या दोन्ही वाहिन्या एकत्र दाबून धरायची युक्ती मांडली. आजही सर्जन ‘प्रिंगल’ लावतात: साधारण पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं मोकळं. पुढे फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून यकृताचे आठ भाग पाडले. नेमका रोगट भाग काढून बाकीचं यकृत राखायचं, हे त्या नकाशामुळे जमू लागलं.

त्यातले सात आणि आठ क्रमांकाचे भाग बरगड्यांखाली, श्वासपटलाला लागून दडलेले असतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली सरळ, ताठ अवजारं तिथवर नेणं अवघड. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं. ते त्या अडचणीतही वळतं, टाका घालतं, आणि सर्जनच्या हाताची थरथर यंत्र गाळून टाकतं. शिवाय शिरेतून हिरवा रंग सोडून खास प्रकाशात पाहिलं, की रक्तपुरवठा तोडलेला भाग काळा राहतो आणि बाकीचं यकृत हिरवं चमकतं. कापायची रेषा डोळ्यांसमोर उमटते. इटलीत ग्रोसेटोच्या पिएर जुलियानोत्ती यांनी २००३ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियांचा आपला अनुभव मांडला, त्यात यकृताच्या शस्त्रक्रियाही होत्या.

उणिवाही लहान नाहीत. बहुतेक यंत्रांत सर्जनला स्पर्श कळत नाही. ऊतीवर किती ताण पडतोय ते नजरेनेच ताडावं लागतं. दाब जाणवून देणारं ‘दा विंची ५’ हे यंत्र अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. यकृत फोडताना वाहिन्या शाबूत ठेवणारं ‘कूसा’ हे अल्ट्रासाउंडवर चालणारं अवजार रोबोटच्या हाताला बसत नाही, त्यामुळे पर्यायी रीती शिकाव्या लागतात. मोठी शीर फाटली तर यंत्र बाजूला सारून पोट उघडायचं असतं, आणि तेव्हा सगळ्या चमूची कसोटी लागते. खर्चाचं ओझं वेगळंच. ‘एसएसआय मंत्रा’सारखं भारतीय बनावटीचं यंत्र आल्यामुळे निदान स्पर्धा तरी सुरू झाली आहे.

म्हणून रुग्णालय निवडताना ‘तुमच्याकडे रोबोट आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. या डॉक्टरांनी यकृताची किती ऑपरेशनं केली, त्यातली पोट उघडून किती, रोबोटने किती, मध्येच पोट उघडण्याची वेळ कितीदा आली, आणि माझ्या आजाराला रोबोटने काय फरक पडेल, हे सरळ विचारावं. सिरोसिसने कडक झालेलं यकृत असेल, तर उरलेला भाग पुरेल का, हेही. रोबोटचं मनगट कितीही वळो, कुठली शीर बांधायची आणि कुठली सोडायची हे यकृतावर आयुष्य घालवलेल्या माणसालाच ठाऊक असतं.