दात टायटॅनियमचा, हिरडी आपलीच

डोंबिवलीचा फडके रोड असो की ठाण्याचा गोखले रोड, दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘इम्प्लांट’ हा शब्द हमखास दिसतो. हाडात स्क्रू बसतो, वर कॅप चढते आणि माणूस निर्धास्त होतो: आता याला कीड लागायची नाही. खरंच लागत नाही. पण भोवतालची हिरडी सुजते आणि हाड झिजतं, त्याचं काय?

टायटॅनियमशी हाड घट्ट जुळतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रेनमार्क यांच्या १९५०च्या दशकात लक्षात आलं. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं धातूचं उपकरण निघता निघेना! १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते टिकले.

हिरडीचं मात्र तसं नाही. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते वेढून असतात. गच्चीच्या स्लॅबमधून पाइप वर येतो, नेमकं तिथेच पावसाळ्यात पाणी झिरपतं ना, तशी ही जागा. जिवाणूंचा चिकट थर तिथूनच आत उतरतो. आधी ब्रश करताना रक्त येतं. तेव्हाच आवरलं तर सूज ओसरते. हाड झिजू लागलं की ते परत मिळवणं फार अवघड. आणि बहुधा दुखत काहीच नाही.

म्हणून ब्रश मऊ हवा आणि तो कॅपच्या माथ्यापेक्षा हिरडीच्या कडेला जास्त फिरायला हवा. फटींसाठी इंटरडेंटल ब्रश, तोही तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला. पाण्याचा फवारा मारणारी यंत्रं जोडीला ठीक. एकट्या फवाऱ्याने तो थर पुरता निघत नाही. लोकलमधून दमून आल्यावर रात्रीचा ब्रश जिवावर येतो, पण झोपेत लाळ कमी होते, तेव्हा टाळू नये तो हाच. मशेरीने दात स्वच्छ होतात ही समजूत तर सोडाच. ती भाजलेली तंबाखू आहे. सिगारेट आणि आटोक्याबाहेरची साखरही इम्प्लांटच्या मुळावर येतात.

दवाखान्यात सफाई करताना ‘इथे इम्प्लांट आहे’ असं आधी सांगावं. साध्या स्टीलच्या हत्याराने टायटॅनियमवर ओरखडे पडतात आणि त्यांत थर पुन्हा साचतो. कॅप बसल्यावरचा एक्स-रे आणि इम्प्लांटची कंपनी व माप लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं. उद्या घर कल्याणहून बदलापूरला हललं, तर नव्या डॉक्टरांना हाड किती उतरलं हे त्या एक्स-रेवरूनच ताडता येईल.