सवयीची साखळी कोठे तोडावी?



मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे असे आपण शाळेत शिकतो. परंतु दिवसभरात आपण जे बोलतो, जे करतो, त्यातील कितीसे विचारपूर्वक असते हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहण्यासारखा आहे. आम्ही बँकेत लिपिक आहोत. नोटांचे बंडल हाती आले की बोटे आपोआप चालू लागतात. शेजाऱ्याशी बोलता बोलताही मोजणी चुकत नाही. या सवयीवर आमचे पोट आहे. तेव्हा सवय ही मुळात वाईट नव्हे. पण ज्या रीतीने बोटे आपोआप चालतात त्याच रीतीने जीभही चालते, आणि तेथे मात्र हिशेब चुकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, बाजाराचा वार, काउंटरसमोर ही गर्दी. जव्हार तालुक्यातील एका दूरच्या पाड्यावरून एक वृद्ध गृहस्थ श्रावणबाळ योजनेचे पैसे काढण्यास आले होते. त्यांचा अंगठा यंत्र घेईना. जन्मभर नागलीची लावणी, दगडमाती आणि वीटभट्टी केलेल्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. त्यांची ही तिसरी खेप होती. "साहेब, अजून एकदा बघा," असे ते म्हणाले आणि आम्ही सर्वांदेखत ओरडलो, "बाबा, किती वेळा सांगायचे? यंत्र घेत नाही. उद्या या!" त्यांनी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि "बरं साहेब," म्हणून ते निघून गेले.

दहा मिनिटांनी आमचे आम्हालाच उमगले. बोट ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, अंगठा चालला नाही तर दुसरे बोट लावून पाहावे, हे आम्हांस ठाऊक होते. रागाने ते सुचू दिले नाही. शिवाय तो राग त्या वृद्धावरचा नव्हताच. सकाळी घरी मुलाशी खटका उडाला होता, तो आम्ही डब्याबरोबर शाखेत घेऊन आलो होतो. आम्ही एस. टी. स्टँडवर धावत गेलो तेव्हा गाडी सुटलेली होती.

असे का होते? भगवान बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पादात बारा कड्यांची साखळी सांगितली आहे. त्यातील चार कड्या येथे पुरेशा आहेत: स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान. कानावर शब्द पडला, हा स्पर्श. त्याबरोबर कान तापले, श्वास जलद झाला, जबडा आवळला, ही वेदना. येथे वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कोणतीही जाणीव. 'हे नको, आत्ताच्या आत्ता टळो,' ही तृष्णेचीच दुसरी बाजू. त्या भावनेला घट्ट धरून बसणे, हे उपादान. त्यातून शब्द आणि कृती बाहेर पडते. हे सर्व एवढ्या वेगाने घडते की मधले टप्पे दिसतच नाहीत, आणि आपण म्हणतो, "त्याने मला राग आणला."

स्पर्श टाळता येत नाही. जगात राहायचे तर कानावर शब्द पडणारच. वेदनाही टाळता येत नाही. परंतु वेदना आणि तृष्णा यांमधील सांधा कच्चा आहे. साखळी तोडायची ती तेथेच. कान तापले आहेत हे ज्या क्षणी आपण ओळखतो, त्या क्षणी आपण नुसते रागावलेले उरत नाही. राग पाहणारेही होतो. राग गिळणे म्हणजे हे नव्हे. गिळलेला राग घरी जाऊन बायकामुलांवर निघतो. येथे राग पाहायचा आहे आणि तो ओसरतो हेही पाहायचे आहे.

अंगुत्तर निकायात तीन प्रकारच्या माणसांचा दृष्टान्त आहे. एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, दुसऱ्याचा मातीवर ओढलेल्या रेघेसारखा, तर तिसऱ्याचा पाण्यावरच्या रेघेसारखा असतो. आपल्या भागातील काळा कातळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस पहिला प्रकार वेगळा समजावून सांगावयास नको.

मज्झिम निकायातील वितक्कसंठान सुत्तात तर नको त्या विचारांवर पाच उपाय क्रमाने दिले आहेत. सुतार बारीक खुंटी ठोकून मोठी खुंटी बाहेर काढतो तसा वाईट विचाराच्या जागी चांगला विचार आणावा. न जमल्यास त्या विचाराचे दुष्परिणाम पाहावेत. तेही न साधल्यास त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. चौथा उपाय म्हणजे भराभर चालणारा माणूस जसा हळू चालू लागतो, मग थांबतो, मग बसतो, तसे विचाराचा वेग कमी करीत जाणे. आणि काहीच चालेनासे झाले तर दात आवळून मनास आवरावे. बळाचा वापर शेवटी सांगितला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपण मात्र तेथूनच सुरुवात करतो आणि चार दिवसांत थकतो.

नोकरी करणाऱ्यांना हे शक्य नाही असे कोणी म्हणेल. त्यांनी सयाजी ऊ बा खिन यांचे चरित्र पाहावे. ते ब्रह्मदेशात लेखा कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि १९४८ साली देश स्वतंत्र झाल्यावर महालेखापाल झाले. त्यांनी कार्यालयातील सहकाऱ्यांना विपश्यना शिकविली व १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभारले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांस तीव्र अर्धशिशी होती. तिच्यासाठी मॉर्फिन घ्यावे लागे आणि त्याचेच व्यसन जडण्याची भीती होती. १९५५ साली ते साधनेकडे वळले, १९६९ साली भारतात आले. त्यांचे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून उभे आहे. मोखाड्याहून खोडाळा, विहीगावमार्गे कसारा घाट चढला की पलीकडे इगतपुरी, इतके ते आपल्या जवळ आहे. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक बंदिजनांनी एकाच वेळी हे शिबिर केले.

आता एक रास्त शंका. शतकानुशतके ज्यांनी निमूटपणे सोसले त्यांना पुन्हा "शांत राहा" असे सांगावयाचे काय? याचे उत्तर महाडच्या मातीत आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर मंदिरात शिरण्याच्या खोट्या अफवेवरून जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला. रक्त सांडले. परिषदेत लष्करात राहिलेली माणसे होती. एका शब्दाची खोटी होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही, लोकांना आवरले. पण ते गप्प बसले का? त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा खटला लढवून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात विजय मिळविला. प्रतिक्रिया एका क्षणात संपते. विचारपूर्वक केलेली कृती दहा वर्षे टिकते. प्रतिक्रिया आवरणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे.

व्यसनाचेही असेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दारू पाड्यावरच असते असे कोणी समजू नये. पगारदाराच्या कपाटातही बाटली असते. प्रतिज्ञा दिशा दाखविते, परंतु संध्याकाळी सात वाजता घशाला कोरड पडते तेव्हा ती कोरड ओळखण्याचा सराव लागतो. विद्यार्थ्यांचा हात अभ्यास सोडून मोबाईलकडे जातो, त्यालाही हेच लागू.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. आठवडाभर एका वहीत लिहावे: केव्हा भडकलो, शरीरात काय झाले, नंतर काय केले. उत्तर देण्यापूर्वी तीन श्वास जाणून घ्यावेत. मोबाईल अभ्यासाच्या खोलीबाहेर ठेवावा. प्रसंगच टळला तर अर्धे काम होते. चुकल्यास माफी मागावी व पुन्हा सुरुवात करावी. व्यसन जुने असेल किंवा मन फारच खचले असेल, तर ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांस दाखवावे. शासनाची १४४१६ ही टेली-मानस सेवा फोनवर विनामूल्य सल्ला देते. औषध घेणे हा साधनेचा पराभव नव्हे.

ते वृद्ध गृहस्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. आम्ही त्यांस बाकावर बसविले, ओला रुमाल दिला, एकेक बोट लावून पाहिले. तिसरे बोट यंत्राने घेतले. आम्ही माफी मागितली. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि गाडीची वेळ विचारली.

आम्ही आजही रागावतो. पण हल्ली कान तापले की आम्हांस कळते, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागते.

जयभीम!